औषधाबरोबर पथ्यही सांगा



२०१० साली दिल्लीत एका वैज्ञानिकाचा दुधीभोपळ्याचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. ते आणि त्यांच्या पत्नी प्रकृतीला चांगला म्हणून दुधी आणि कारल्याचा एकत्र रस नेमाने घेत असत. त्या दिवशी रस नेहमीपेक्षा जास्त कडू लागला. कारल्याचा रस कडूच असायचा आणि औषधही कडूच असते, या समजुतीपुढे जिभेने दिलेला इशारा टिकला नाही. पत्नी वाचल्या, ते वाचले नाहीत.

प्रकरण गाजले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली आणि २०१२ च्या सुरुवातीला तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुधी, काकडी, दोडका यांच्या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू विषारी द्रव्ये असतात. लागवडीच्या वाणांत ती एरवी नगण्य असतात, पण एखाद्या फळात ती अचानक खूप वाढतात. असा रस पोटात गेला की थोड्याच वेळात उलट्या आणि जुलाब सुरू होतात, रक्ताच्या उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. यावर उतारा नाही. समितीने सांगितलेले उपाय अगदी साधे होते. रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखून पाहा, कडू लागला तर फळ टाकून द्या, दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नका आणि प्यायल्यावर मळमळले तरी लगेच रुग्णालय गाठा.

यातली पहिली सूचना महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या स्वयंपाकघरात नवी नव्हती. काकडी असो की दुधी, देठाकडची चकती कापायची, जिभेला लावायची आणि मगच पुढे चिरायचे, हे हातांना इतके सवयीचे होते की कुणी ते शिकवल्याचेही आठवत नाही. शिवाय भाजीतली कडू फोड माणूस थुंकून टाकतो. रसात मात्र अख्खा दुधी एका पेल्यात उतरतो आणि नाक दाबून घशाखाली जातो. २०१८ मध्ये पुण्यातही दुधीच्या रसाने एका महिलेचा मृत्यू झाल्याची बातमी वृत्तपत्रांत आली होती. दुधी गुणकारी आहे ही माहिती देशभर पोचली, पण दुधी चाखून पाहायचा ही माहिती तिच्याबरोबर निघालीच नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. घरगुती औषध नुसत्या वनस्पतीच्या नावात नसते. कुणाला द्यायचे, किती द्यायचे, कशाबरोबर द्यायचे, कुणाला द्यायचे नाही आणि कधी थांबायचे, हे सगळे मिळून ते औषध होते. आजीच्या बटव्यात हळद, सुंठ, ओवा होता, तसे हे मोजमापही होते. औषध तोंडोतोंडी, छापील सदरांतून आणि आता मोबाइलवरून लांबच्या माणसांपर्यंत जाते, तेव्हा वनस्पतीचे नाव टिकते आणि मोजमाप गळून पडते. म्हणून घरगुती उपायाला प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा अपमान नाही. गळून पडलेला भाग परत जागेवर बसवायचा तो एकच रस्ता आहे.

करोनाच्या काळात हे सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले. २०२० च्या मार्चमध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा सुचवला. त्या सूचनेत तो दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्या, असे स्पष्ट लिहिले होते. हळदीच्या दुधाचेही माप दिले होते: दीडशे मिलिलिटर दुधात अर्धा चमचा हळद. पुढे घरोघरी काय झाले? काढ्याचे पातेले दिवसभर गॅसवर राहिले. ज्यांना आधीच आम्लपित्त होते त्यांच्या पोटात आग पडली, तरी शेजारी सांगत राहिले की थोडा आणखी घ्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये प्राणवायूच्या टाक्यांसाठी नातेवाईक वणवण फिरत होते, त्याच दिवसांत कापूर, ओवा, लवंग आणि निलगिरीचे तेल यांची पुरचुंडी हुंगली की रक्तातला प्राणवायू वाढतो, असा निरोप फिरला. असे काहीही होत नाही. कापूर हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, तो थंडाव्याचा भास असतो, रक्तातल्या प्राणवायूचा आकडा तिथेच राहतो. आणि कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर थोड्या प्रमाणातही झटके येऊ शकतात. ज्यांचे श्वास अपुरे पडत होते त्यांच्या घरी अशा पुरचुंडीच्या भरवशावर काही तास निघून गेले असतील, ही कल्पनाही असह्य आहे.

आता याच्या उलट उदाहरण पाहू, कारण घरगुती औषधाने विसाव्या शतकात जितके जीव वाचवले तितके फार थोड्या शोधांनी वाचवले असतील.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, साधे मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधून घेतल्या, त्या पाण्यात विरघळवल्या आणि ते पाणी रुग्णांना त्यांच्याच नातेवाइकांच्या हातून पाजायला सुरुवात केली. छावणीतले मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. यामागचे कारण शरीरशास्त्राने त्याआधीच शोधले होते. जुलाबाने आतडे कितीही बिघडले तरी साखर आणि मीठ एकत्र आले की आतड्याची भिंत दोन्ही शोषून घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढले जाते. नुसते पाणी दिले तर हे होत नाही, नुसते मीठ दिले तरी होत नाही. म्हणून सगळे काही मापावर अवलंबून आहे. १९७८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाला शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांच्या पंक्तीत बसवले. महालनबीस यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

पण पुडी घरापर्यंत कशी न्यायची? बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने १९८० पासून पुढची दहा वर्षे गावोगाव बायका पाठवल्या. त्यांनी दारोदार जाऊन आयांना तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी हे मिश्रण करायला शिकवले. सुमारे एक कोटी वीस लाख घरांपर्यंत हे शिक्षण पोचले. या मोहिमेतली मन लावून पाहण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. शिकवणाऱ्या बाईला पगार तिने किती घरांना भेट दिली यावर मिळत नव्हता. महिन्याभराने दुसरी व्यक्ती त्यातल्या काही घरी जाई, आईला ते पाणी करायला सांगे, काय काय लक्षात आहे ते विचारी आणि पाण्याचा नमुना तपासायला नेई. आईला जितके नीट आठवे तितके शिकवणारीला पैसे मिळत. सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या हातून ते नीट झाले की नाही हे पाहायचे, अशी ती व्यवस्था होती. सुरुवातीला असेही दिसले की आया शिकल्या, पण वापरत नाहीत. चौकशी केली तेव्हा कळले की शिकवणाऱ्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. मग आधी त्यांना कारण समजावून सांगितले गेले. प्रश्न विचारून औषध बळकट होते, त्याचा याहून स्वच्छ दाखला सापडणे कठीण आहे.

मराठीत या पाण्याला जलसंजीवनी म्हणतात. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सपाट सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. खारट लागले तर ते ओतून द्यायचे आणि नव्याने करायचे, कारण जास्तीचे मीठ तान्ह्या मुलाच्या मेंदूला धोका करते. त्याबरोबर भाताची पेज, ताक, आईचे दूध चालू ठेवायचे. जुलाब लागले की पोटाला विश्रांती म्हणून मुलाचे खाणेपिणे बंद करायचे, हा आपल्याकडचा जुना सल्ला मात्र पूर्णपणे चुकीचा आहे. त्याने मुले सुकतात आणि दगावतात.

एखादा उपाय लागू पडला असे माणसाला का वाटते, याचे उत्तर कोकणातल्या विंचवांनी फार चांगले दिले आहे.

महाराष्ट्रात विंचू उतरवणारे पूर्वी गावोगाव असत. कुणी मंत्र घालत, कुणी चिंचोका उगाळून दंशाच्या जागी चिकटवत, कुणी पाला चोळत. आणि बऱ्याच लोकांना गुण येई. तो येणारच होता. मोठा काळा विंचू चावला तर वेदना होतात, पण त्याचे विष माणसाला सहसा मारत नाही. काही तासांनी दुखणे आपोआप कमी होते आणि श्रेय मंत्राला मिळते. लाल विंचू आकाराने लहान, पण त्याचे विष शरीरातल्या ताणाच्या रसायनांचा लोंढा सोडते. दरदरून घाम येतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, हृदय दमते आणि फुप्फुसांत पाणी भरते. अशा रुग्णाला वाट पाहायला वेळच नसतो. मंत्राने बरे झालेले लोक वर्षानुवर्षे गावात ती गोष्ट सांगत फिरतात. जे दगावले ते सांगायला उरत नाहीत.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात, महाडच्या परिसरात, हे रुग्ण खाटेशेजारी बसून पाहिले. नाडी, रक्तदाब, हातापायांचे तापमान, घाम यांच्या नोंदी केल्या. विषामुळे शरीरात काय उलथापालथ होते हे नोंदींतून उमगल्यावर त्यांनी रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध विंचूदंशासाठी वापरले. लाल विंचवाच्या गंभीर दंशात पूर्वी तीस टक्क्यांच्या आसपास मृत्यू होत, ते प्रमाण काही टक्क्यांवर आले. १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचे काम प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कुठलेही मोठे यंत्र नव्हते. कोण वाचते आणि कोण मरते, याचा हिशेब मात्र त्यांनी सोडला नाही.

काविळीचेही असेच आहे. हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंमुळे होणारी कावीळ बहुतेक धडधाकट माणसांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. नेमक्या त्याच आठवड्यांत कुणी गळ्यात काड्यांची माळ घालते, कुणी नाकात थेंब टाकते, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावते. आंब्याच्या सालीचा अर्क आधी हाताला लावलेला असला की चुन्याच्या पाण्यात पिवळा रंग उतरतो आणि कावीळ धुऊन निघाल्याचा भास होतो. ओल्या काड्या सुकून आकसल्या की माळ सैल होऊन खाली येते आणि कावीळ उतरल्याचे सांगितले जाते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे प्रयोग चौकाचौकात करून दाखवले आहेत. पण कावीळ नेहमीच अशी साधी नसते. पित्ताशयातला खडा, लेप्टोस्पायरोसिस, स्वादुपिंडाचा कर्करोग यांतही डोळे पिवळे होतात. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर तिच्या जिवाला मोठा धोका असतो. २०१२ मध्ये इचलकरंजीत या विषाणूची मोठी साथ आली होती. अशा साथीत माळ घालून घरी बसवलेली गरोदर बाई आणि माळ घातलेला तरुण विद्यार्थी यांचे भवितव्य सारखे नसते.

डेंगीतली पपईच्या पानांची गोष्टही याच वर्गातली. प्लेटलेट्स खाली येतात आणि काही दिवसांनी स्वतःहून वाढतात. त्या वाढण्याच्या बेताला पपईचा रस सुरू केलेला असतो. खरा धोका ताप उतरल्यानंतरच्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत असतो, जेव्हा रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो. घरचे लोक मात्र तेव्हाच ताप गेला म्हणून निर्धास्त झालेले असतात.

या विषयातले सर्वांत कडू भांडण गुळवेलीवरून झाले आणि ते मुंबईतून सुरू झाले. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले. सगळ्यांच्या यकृताला इजा झालेली होती आणि सगळ्यांनी गुळवेल घेतलेली होती. २०२१ मध्ये डॉक्टरांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात होती, हे नीट तपासले गेलेले नाही, असा मंत्रालयाचा मुख्य आक्षेप होता. पुढे देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून त्रेचाळीस रुग्णांची माहिती २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातून असे दिसले की ज्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटण्याची प्रवृत्ती आहे, त्यांच्यात ही वेल तो विकार जागा करू शकते. मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याची भूमिका कायम ठेवली.

दोन्ही बाजूंचे प्रश्न योग्य होते, हे इथे आवर्जून सांगितले पाहिजे. वनस्पती ओळखण्याचा प्रश्न जुन्या वैद्यांनीही विचारला असता. कडुनिंबावर चढलेली वेल घ्यायची, असे सांगणाऱ्या परंपरेला वेलीची पारख किती महत्त्वाची वाटत होती ते उघड आहे. आणि कोट्यवधी लोक एखादी वेल एकदम रोज घेऊ लागले, तर पूर्वी कधीच न दिसलेला दुष्परिणाम दिसू शकतो, हा डॉक्टरांचा मुद्दाही खराच आहे. पूर्वी गुळवेल कुणी आयुष्यभर रोज घेत नव्हते. ती तापात, ठरावीक दिवस, वैद्याच्या देखरेखीखाली दिली जाई. २०२० मध्ये ती प्रतिकारशक्तीच्या नावाखाली महिनोन्‌महिने, गोळ्या, रस आणि काढा अशा तिन्ही रूपांत घेतली गेली. म्हणून ज्यांना थायरॉइडचा, संधिवाताचा किंवा यकृताचा स्वयंप्रतिकाराचा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये. तसे छापून सांगण्यात परंपरेचे काहीही बिघडत नाही.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर प्रश्न विचारण्यावाचून गत्यंतर नाही. बाळगुटीची पद्धत पाहिली तर तिच्यात मात्रेचा किती विचार होता हे कळते. हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा, सुंठ असे एकेक द्रव्य सहाणेवर मोजून फिरवायचे, अमक्याचा एक वळसा, तमक्याचे दोन, आणि बाळ वाढेल तसे वळसे वाढवायचे. ही अत्यंत सूक्ष्म मात्रा होती. पण वळसा किती जोराने फिरला, वेखंड कुठून आले, पाणी कसले, हे हातागणिक बदलते. वेखंडातल्या एका घटकामुळे अमेरिकेने १९६८ मध्ये ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली. जायफळ जास्त झाले तर बाळ गुंगते आणि बाळ शांत झोपले असे घरच्यांना वाटते. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचे दूध सांगते, पाणीही नको म्हणते. जन्मल्याबरोबर बोटाने मध चाटवण्याची हौस तर सोडूनच द्यायला हवी. मधात बोटुलिझमच्या जंतूंची बीजे असू शकतात आणि एक वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात ती रुजून स्नायू लुळे पाडणारे विष तयार होते. हाच मध एक वर्षावरच्या मुलाच्या रात्रीच्या खोकल्यावर चांगला उपाय आहे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या १०५ मुलांवर झालेल्या अभ्यासात झोपताना दिलेला मध उपचार न करण्यापेक्षा सरस ठरला आणि २०१९ पासून ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शनातही खोकल्यासाठी मधाला जागा मिळाली आहे. पदार्थ तोच, वय वेगळे.

बाळाच्या नाकात आणि कानात तेल सोडणे हीदेखील तातडीने थांबावी अशी गोष्ट आहे. नाकातले तेल श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरते आणि औषधांना दाद न देणारा न्यूमोनिया होतो. न्हाऊ घालणाऱ्या बाईला हे प्रेमाने पण ठामपणे सांगणे हे घरातल्या मोठ्यांचे काम आहे.

मेळघाटात कोरकू वस्त्यांवर बाळाचे पोट फुगले की तापवलेल्या विळ्याने पोटावर चटके देतात. त्याला डंबा म्हणतात. अलीकडच्या वर्षांतही अशी भाजलेली बाळे रुग्णालयात आलेली आहेत. हे ऐकून शहरातला माणूस संतापतो, पण ती आई निर्दय नाही. रात्री बाळ निळे पडत असताना तिच्यापाशी भूमकाशिवाय, म्हणजे वस्तीवरच्या वैदूशिवाय, दुसरे कुणीच पोचलेले नसते. तिच्या दाराशी दुसरा उपाय नेऊन ठेवल्याशिवाय नुसत्या निषेधाने चटके थांबणार नाहीत.

असा दुसरा उपाय गडचिरोलीत उभा राहिला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सर्च या संस्थेमार्फत ३९ गावांतल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि गरज पडली तर घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे त्या शिकल्या. नवजात बालकांचे मृत्यू हजारी ६२ वरून तीन वर्षांत २५ च्या आसपास आले. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये हे काम छापले गेले आणि पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींचा तो पाया झाला. हेही घरगुती औषधच होते. फक्त त्यात घड्याळ, वजनकाटा आणि नोंदवही होती.

नोंदवहीचे मोल हळदीच्या खटल्यातही दिसले. १९९५ मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने आव्हान दिले तेव्हा आमच्या आज्या हे करत आल्या आहेत, एवढे सांगून भागत नव्हते. लेखी पुरावा हवा होता. बत्तीस संदर्भ गोळा झाले, त्यात १९५३ सालचा भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह सुरू झाला. त्याच हळदीला पुढे वेगळाच प्रश्न विचारावा लागला. २०१९ मध्ये बांगलादेशातल्या हळदीत रंग यावा म्हणून शिशाचे क्रोमेट मिसळले जात असल्याचे संशोधकांनी दाखवले. शिसे मुलांच्या बुद्धीवर कायमचा परिणाम करते. सरकारने धाडी घातल्या, दंड केले आणि दोन वर्षांत बाजारातली भेसळ जवळपास नाहीशी झाली. दुधात घालायची हळद कुठून आणली, हा म्हणून आज औषधाचाच प्रश्न आहे. सांगलीसारख्या पेठेच्या प्रदेशात राहणाऱ्यांना हळकुंडे आणून दळून घेणे फारसे अवघड नाही.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचे जे केले तेही विसरू नये. ही मुळी वेडावरचे आणि झोपेचे औषध म्हणून शतकानुशतके वापरात होती. १९३१ मध्ये सेन आणि बोस यांनी तिचा रक्तदाबावरचा परिणाम नोंदवला होता. वकील यांनी रुग्णांवर पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तो छापला. त्यानंतर जगभर रक्तदाबाच्या उपचाराला नवे वळण मिळाले. अभ्यास वाढला तसे हेही कळले की या औषधाने काहींना तीव्र नैराश्य येते, म्हणून पुढे त्याचा वापर मर्यादित झाला. प्रश्न विचारले नसते तर गुणही जगाला कळला नसता आणि दोषही.

काही सल्ले असे आहेत की जे आज रात्रीच घरी सांगावेत. भाजल्यावर टूथपेस्ट, हळद, शाई, तूप काहीही लावू नका. वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा, बर्फही नको. पोटात उजवीकडे खाली दुखत असेल तर एरंडेल देऊ नका, कारण आंत्रपुच्छाचा दाह असला तर जुलाबाच्या औषधाने ते फुटू शकते. वाफ घेताना मुलांना उकळत्या भांड्यावर वाकवू नका. तसे करताना भाजलेली मुले रुग्णालयांत येतात आणि सर्दी काही वाफेने लवकर बरी होत नाही. बिब्बा फुटलेल्या टाचेवर किंवा चामखिळीवर लावू नका, त्याच्या तेलाने खोल फोड येतात. मधुमेहाला मेथी, कारले खुशाल खा, पण इन्सुलिन चालू असलेल्या मुलाचे इन्सुलिन कुणाच्याही सांगण्यावरून एक दिवसही बंद करू नका.

डॉक्टरांकडेही एक मागणे आहे. रुग्ण काढा, चूर्ण, रस घेतो हे तो सांगत नाही, कारण सांगितले की बोलणी बसतात. मग यकृताची इजा झालेल्या माणसाच्या रक्ताच्या दहा तपासण्या होतात आणि खरे कारण उशाशी बाटलीत पडून राहते. घरात काय काय घेता, असे साध्या आवाजात विचारले तर निम्मे निदान तिथेच होते. ग्रामीण भागात लोक घरगुती उपायाकडे वळतात त्याला प्राथमिक आरोग्य केंद्राला लागलेले कुलूप, रात्रीचे भाडे आणि शहरातल्या दवाखान्याचे बिलही कारण असते. त्या लोकांना अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे.

याउलट, जे जाणूनबुजून माणसाला उपचारापासून अडवतात त्यांच्यासाठी कायदा आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर हे स्वतः वैद्यकीय पदवीधर होते. ज्या कायद्यासाठी त्यांनी अनेक वर्षे झुंज दिली, तो २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. गावातल्या ग्रामसेवकापासून शिक्षकापर्यंत प्रत्येकाला हे माहीत असायला हवे.

श्रोत्यांना एवढीच विनंती आहे. उद्या कुणाला ओव्याचा काढा सांगाल, मोबाइलवर आलेला उपाय पुढे पाठवाल, तेव्हा त्याच्याबरोबर वय लिहा, माप लिहा, कुणी घेऊ नये ते लिहा आणि किती दिवसांत बरे वाटले नाही तर डॉक्टरकडे जायचे तेही लिहा. यातले काही माहीत नसेल तर तो उपाय पुढे पाठवू नका. आणि श्वास लागला, बाळ दूध पिईनासे झाले, जुलाबात लघवी बंद झाली, विंचू चावून हातपाय गार पडले, तर बटवा बाजूला ठेवून १०८ क्रमांकाला फोन करा. ती रुग्णवाहिका महाराष्ट्रात विनामूल्य आहे.